चांदणी अळंबीचे मूळ

फार जुन्या काळी शिलावती नगरीत केतुमान नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व नगरीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, काळ्या डोंगराच्या पायथ्याशी, कंदमुळे गोळा करणाऱ्या एका वनवासी कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सालक. पण ही कथा जिच्या जिवाशी आली ती बाई राजवाड्यात राहत होती, म्हणून आपणही आधी तिथेच जाऊ.

तिचे नाव बकुळा. ती राजाची चाखणारी होती. राजघराण्याच्या ताटात जे काही पडायचे त्याचा पहिला घास बकुळेने घ्यायचा, मग पाकशाळेच्या मधोमध पाटावर एक घटका बसून राहायचे आणि सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहायचे, असा रिवाज होता. घटकाभरात तिला काही झाले नाही की ताट आत जाई. हे काम आधी तिच्या नवऱ्याकडे होते. तो साध्या तापाने गेला आणि काम तिच्या पदरात पडले. त्याला बारा वर्षे झाली होती. तिच्याइतके उंची अन्न साऱ्या नगरीत कुणी खाल्ले नसेल, पण शेजारणींनी कौतुकाने विचारले, "कालची खीर कशी झाली होती ग?" तर तिला सांगता येत नसे. तिची जीभ फक्त कडवटपणा शोधायला शिकली होती.

त्या वर्षी राणी सुलक्षणेला दिवस गेले. राणी डोंगराळ मुलखातली. तिला डोहाळे लागले ते चांदणी अळंबीचे. ही अळंबी काही रोज मिळणारी वस्तू नव्हे. सात-आठ वर्षांतून एखाद्याच पावसाळ्यात, जुन्या वारुळावर ती उगवते, पांढरीशुभ्र, मध्ये टोक असलेली, आणि आठ-दहा दिवसांत नाहीशी होते. राणीने ती लहानपणी एकदाच खाल्ली होती. आता तिला दुसरे काहीच जाईना. दूध दिले तर दूध उलटे, भाताचा वास आला तरी ती तोंड फिरवी. महिनाभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वैद्य एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा राजा घाबरला.

त्याने दवंडी पिटवली की जे गाव पौर्णिमेच्या दुपारपर्यंत चांदणी अळंबी आणून देईल, त्या गावाला काळा डोंगर परत मिळेल. हा डोंगर राजाने शिकारीसाठी अडवून ठेवला होता. पायथ्याच्या लोकांच्या एका पिढीने वर पाऊल ठेवलेले नव्हते. ज्या झाडांची नावे घेऊन त्यांच्या आज्या अंगाई गात, ती झाडे आता त्यांना फक्त लांबून दिसत. तेव्हा दवंडी ऐकून गावात काय धांदल उडाली असेल, ते सांगायला नको. आणि नशीब असे की त्याच आठवड्यात डोंगराच्या कडेच्या एका वारुळावर चांदणी उगवली.

पौर्णिमेच्या दिवशी सालक टोपली घेऊन राजवाड्यात आला. अळंबी खुडली होती गावातल्या बायकांनी. त्यांनी ती पानांत गुंडाळून, टोपली बांधून पहाटे त्याच्या डोक्यावर दिली होती. गावात सर्वांत जाणता म्हणून त्याला पाठवले होते.

मुख्य आचारी पिंगल आपल्या कामात वाघ होता आणि ते लोकांना कळावे अशी त्याची इच्छाही असे. त्याने टोपली सोडली आणि एकामागून एक परीक्षा सुरू केल्या. चांदीची पळी अळंबीच्या रसात बुडवली, ती काळी पडली नाही. अळंबीबरोबर तांदूळ शिजवले, ते लाल झाले नाहीत. मुंग्यांसमोर तुकडा टाकला, मुंग्या लागल्या. राजाच्या पाळीव माकडाने एक तुकडा मटकावला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"झालं," पिंगल हात झटकत म्हणाला. "बकुळे, बस पाटावर."

बकुळा पाटावर बसली. सालक मात्र टोपलीपाशी उकिडवा बसून एकेक अळंबी उलटीपालटी करून पाहत होता. काहींच्या छत्रीखालच्या पापुद्र्यांवर किंचित गुलाबी झाक होती. काहींचे पापुद्रे पांढरेफटक होते. आणि सगळ्यांचे देठ जमिनीच्या वरच सरळ मोडलेले होते. त्याने वर पाहिले.

"आधी कोण खाणार?" त्याने विचारले.

"ही," पिंगल म्हणाला. "तिचं कामच आहे ते."

सालकाने बकुळेकडे पाहिले. मग तो उठला आणि म्हणाला, "यांनी खाऊ नये. राणीनंही खाऊ नये. मला महाराजांशी बोलायचंय."

राजा आला. तो चार रात्री झोपलेला नव्हता. "एवढंच सांग," तो म्हणाला, "ही अळंबी खाण्याजोगी आहे की नाही?"

"मला ठाऊक नाही, महाराज."

"तू रानातला माणूस. तुझा जन्म गेला यात. तुला ठाऊक नाही तर कुणाला असणार?"

"मी चांदणी फक्त दोनदा पाहिलीय," सालक म्हणाला. "तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक आहे, ती सालवृक्षाखाली येते. वरून दोघी जुळ्या बहिणी. पापुद्र्यांवरून मला शंका येते, पण कोवळ्या चांदणीचेही पापुद्रे पांढरेच असतात. खरा फरक जमिनीखाली. आमच्यात वारुळाला खणती लावत नाहीत, ते क्षेत्रपालाचं घर. म्हणून आमच्या बायका अळंबी जमिनीलगत मोडून घेतात. मूळ तिथंच राहिलंय. ते पाहिल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही."

"पण सगळ्या परीक्षा झाल्यात," पिंगल मध्येच बोलला. "उरलंसुरलं ही चाखेल. घटकाभराचा प्रश्न."

"त्या दुसरीला घाई नसते," सालक म्हणाला. "माझ्या मामाच्या घरी सगळे संध्याकाळी जेवले. गप्पा मारल्या, गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी बरे झाले, अंगणात बसून हसत होते. आम्ही देवाला नारळ दिला. पाचव्या दिवशी घरात कुणी उरलं नाही."

पाटावर बसलेल्या बकुळेने हे ऐकले. बारा वर्षे ती एक घटका धरून बसत आली होती. घटका सरली की सुटलो, असे ती रोज मनाला सांगत असे. त्या घटकेला काही अर्थच नव्हता, हे तिला आज कळले. तिने दोन्ही हातांनी पाट धरला.

राजाने खिडकीतून उन्हाकडे पाहिले. "मध्यान्ह व्हायला थोडाच वेळ आहे. मुदत संपली की डोंगर गेला, हे लक्षात ठेव. तू हो म्हणालास तर आत्ता, या क्षणी डोंगर तुमचा."

गावाच्या वेशीवर ढोल काढून ठेवला असेल, लेकरे वाटेकडे डोळे लावून झाडावर चढली असतील, हे सालकाला दिसत होते. शंका खोटी असेल तर डोंगर हातचा जाणार होता. शंका खरी असेल तर पाटावरची ही बाई, आतली राणी आणि तिच्या पोटातले बाळ जाणार होते. आणि शंका खोटी की खरी, हेच त्याला ठाऊक नव्हते.

"मला ठाऊक नाही, महाराज," तो पुन्हा म्हणाला.

राजा संतापला. त्याने काय केले असते कोण जाणे. पण पडद्यामागून राणीचा क्षीण आवाज आला. "जाऊ द्या त्याला. मूळ पाहून येऊ दे. इतके दिवस थांबले, आणखी थोडी थांबेन."

राणीपुढे राजाचे काही चालले नाही. पण हा माणूस पळून जाऊ नये, म्हणून पाकशाळेतले कुणीतरी त्याच्यासोबत पाठवायचे ठरले. पावसातली वाट, गुडघाभर चिखल. प्रत्येकाला एकदम आपापले काम आठवले. शेवटी बकुळेला पाठवले.

दिवस कलता दोघे पायथ्याशी पोचले. वेशीवर खरोखरच ढोल होता. सालकाने सांगितले की मुदत टळली, डोंगर मिळाला नाही. ढोलवाल्याने ढोल उचलून पाठीला लावला आणि तो घराकडे चालू लागला. बकुळेला वाटले, या माणसाला आता गाव खाऊन टाकेल.

सालकाने बायकांना विचारले, "सगळी वारुळावरचीच होती ना?"

चिंगाई नावाची एक वृद्धा म्हणाली, "वारुळावर वीसच निघाल्या रे. टोपली रिकामी दिसत होती. राजाकडं रिकामी टोपली कशी धाडायची? दहा पावलांवर सालाखाली होत्या तशाच. सारख्याच तर दिसत होत्या."

वाईट कुणाच्याच मनात नव्हते. मोडताना मात्र सगळ्यांनी रिवाज पाळला होता, सालाखालच्याही जमिनीलगतच मोडल्या होत्या, आणि त्यामुळे कुठली कुठून आली हे टोपलीत कळायला मार्ग उरला नव्हता.

सालक वारुळापाशी गेला. गावचा वडीलधारा जेठा आडवा आला. "खणती लावायची नाही."

"नाही लावत," सालक म्हणाला. त्याने वारुळाला नमस्कार केला, घर मोडतोय त्याची क्षमा मागितली आणि बोटांनी माती उकरायला बसला. ओल्या मातीत मोडलेल्या देठाचा बुडखा होता. त्याच्या खाली शेपटीसारखे निमुळते मूळ निघाले. तो उकरत गेला, कोपरापर्यंत हात आत गेला तरी मूळ संपेना. ते थेट वाळवीच्या घरात उतरले होते. त्याने बकुळेचा हात धरून आत घातला. तिने ते मूळ बोटांनी चाचपले. ते थंड आणि घट्ट होते.

मग तो सालाखाली गेला. तिथला बुडखा एका पांढऱ्या पिशवीत बसलेला होता, अंड्याच्या फुटक्या टरफलात बसावा तसा. पिशवीखाली काही नव्हते. बोट घातले तर नुसती माती. त्याने दुसरा उकरला, तिसरा उकरला. सगळीकडे तेच.

"हीच ती," सालक म्हणाला. "मामाच्या घरची."

हे ऐकताच चिंगाई वय विसरून घराकडे धावत सुटली. तिने त्यातल्या चार अळंब्या रात्रीच्या कालवणासाठी ठेवून दिल्या होत्या, आणि तिची सून चूल पेटवत होती. त्या दिवशी एका घरचे कालवण उकिरड्यावर गेले आणि घर राहिले. त्यानंतर सालकाला गावात कुणी मोठ्याने काही बोलले नाही. हळू आवाजात बोलले, ते त्याने ऐकून घेतले.

बकुळेला त्यांच्या झोपडीत जेवायला बसवले. सालकाची बायको तारी फटकळ होती पण हाताची मोकळी. तिने साव्याचा भात आणि भाजलेला कंद पुढे ठेवला. बकुळेचा हात सवयीने सगळ्यांच्या आधी पानाकडे गेला. तारीने पान मागे ओढले.

"हे काय ग बाई? पाहुण्यानं आधी खायचं असतं होय? आमच्यात रानातून जे येतं ते आणणारा आधी खातो, मग रांधणारी, मग बाकीचे."

सालकाने कंदाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. तारीने खाल्ला. मग त्यांनी पान बकुळेपुढे सरकवले, आणि बोलत बोलत आपापले जेवू लागले. तिच्या तोंडाकडे कुणी पाहत नव्हते. आपले हात कुठे ठेवावेत हेच बकुळेला समजेना. तिने एक घास घेतला. तो चावला. कंदाला मीठ होते, धुराचा वास होता आणि एका बाजूने तो लागला होता.

"जरा करपलाय," ती म्हणाली.

"म्हणणारच," तारी म्हणाली. "बारा वर्षं राजाचं खाल्लंय. नावं ठेवली नाहीस तर अन्न पचायचं नाही तुला."

बकुळा हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला कशाची तरी चव लागली होती. आपण जिवंत आहोत आणि कुणीतरी आपल्यासाठी डोंगर सोडला आहे, या दोन गोष्टी तिला एकदम कळल्या. तारीने तिच्या पानात आणखी भात वाढला आणि तिला पोटभर रडू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालक वारुळावर नव्याने उगवलेल्या सहा अळंब्या मुळासकट, मातीसकट घेऊन निघाला. या खेपेला बकुळेने टोपली मधून मधून आपल्या डोक्यावर घेतली. पाकशाळेत पिंगलने नेहमीप्रमाणे पाटाकडे बोट केले.

"आमच्यात आणणारा आधी खातो," सालक म्हणाला, आणि स्वतः पाटावर बसला. "आणि एक घटका नाही. तीन दिवस. ती दुसरी असेल तर तेवढ्यात उलट्या सुरू होतात."

राजा रागाने बोलायला गेला, पण राणी म्हणाली, "माझ्या माहेरीही हाच रिवाज आहे. मी थांबते." आपल्या देशाचा रिवाज ऐकूनच तिला इतके बरे वाटले की त्या दिवशी ती दोन वाट्या पेज प्याली.

सालकाने अळंबी खाल्ली. तीन दिवस तो राजवाड्यात राहिला. बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत, बकुळा पाहत नसे. ते पाहणे कसे लागते हे तिला ठाऊक होते. ती जवळ बसून निवडणे-टिपणे करी, तारीच्या फटकळपणाच्या गोष्टी काढून त्याला हसवी, आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली की भिंतीला कपाळ टेकून सगळ्या देवांना विनवी. तिसरा दिवस उलटला. सालक ठणठणीत होता आणि त्याला राजवाड्याचा कंटाळा आला होता. चौथ्या दिवशी त्याच वारुळावरची ताजी अळंबी, मुळासकट, गावाने पाठवली. ती राणीने खाल्ली, पोटभर खाल्ली, आणि नंतर भातही मागितला. राजाने डोळे पुसले.

"मुदत टळली आहे," तो सालकाला म्हणाला, "त्यामुळे दवंडीप्रमाणे डोंगर देता येत नाही." आपणच घातलेली मुदत राजे लोक फार निष्ठेने पाळतात. "पण तू माझं घर वाचवलंस. माग काय हवं ते. एकच माग, पण माग."

सालकाच्या ओठांवर डोंगर आला होता. एक शब्द बोलायचा होता. तेवढ्यात पिंगलने आतून हाक मारली, "बकुळे, महाराजांचं ताट तयार आहे," आणि बकुळा उठून पाटाकडे निघाली.

सालकाने तिच्याकडे पाहिले.

"या पाकशाळेत इथून पुढे पहिला घास रांधणाऱ्यानं घ्यावा," तो म्हणाला. "चाखणारं माणूस ठेवू नये. या बाईला मोकळं करा."

राजाला वाटले, याला मागणेच समजले नाही. त्याने पुन्हा विचारले. सालकाने पुन्हा तेच सांगितले. तेव्हा राजाने तसा हुकूम दिला. पिंगलचा चेहरा उतरला, पण त्या दिवसापासून तो इतके जपून रांधू लागला की शिलावतीच्या पाकशाळेची कीर्ती दुसऱ्या राज्यांत गेली.

गावात परत आल्यावर तारीने सालकाला चांगलेच फैलावर घेतले. "डोंगर मागायला तोंडाला काय कुलूप घातलं होतं?" तिने विचारले. तो म्हणाला, "जिभेवर होता ग. पण ती उठली." यावर तारी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिनेच बकुळेला निरोप धाडून आपल्या शेजारची रिकामी झोपडी शाकारून दिली. डोंगर केतुमान राजा असेपर्यंत बंदच राहिला. बकुळा त्या गावात म्हातारी होऊन, सगळ्यांच्या स्वयंपाकाला नावे ठेवून, आपल्या आयुष्याच्या अंताला गेली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात भिक्षुसंघाला सांगितली. त्या सकाळी एका तरुण भिक्षूला सभेत प्रश्न विचारला गेला होता आणि "मला ठाऊक नाही" असे त्याने उत्तर दिल्यावर काहीजण हसले होते. कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा केतुमान राजा म्हणजे आजचा गृहपती वसुदत्त. राणी सुलक्षणा म्हणजे उपासिका कुमुदिनी. तारी म्हणजे तिची दासी सोनुत्तरा, जी आजही तुम्हाला बोलून मग वाढते. पिंगल आचारी म्हणजे आज सर्वांत मोठ्याने हसलेला भिक्षू उग्रक. बकुळा म्हणजे त्या खांबापाशी बसलेली वृद्ध भिक्षुणी चारुमती. आणि सालक वनवासी म्हणजे दुसरा कुणी नसून मीच होतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणणे, आणि त्यापायी हातचे जात असले तरी जाऊ देणे, याला सत्यपारमिता म्हणतात."

खांबापाशी बसलेल्या चारुमतीला त्या जन्मातले काहीच आठवत नव्हते, तरी तिचे डोळे भरून वाहू लागले. ती खांबाच्या आधाराने उठली आणि हात जोडून म्हणाली, "भंते, तेव्हा सांगायचं राहून गेलं असेल, म्हणून आत्ता सांगते. मी खूप जगले."